थापाड्या मुलीचं पुस्तक

वाचनालयातून आणलेल्या चित्रांच्या पुस्तकातली पोरगी उठताबसता थापा मारायची आणि लेकीला ती भारी आवडायची. “असलं वाचून मुलं खोटं बोलायला शिकतात,” आई म्हणायची. “काही शिकत नाहीत गं, पोट धरून हसतात!” बाबा म्हणायचे. शेवटी आईने पुस्तक गुपचूप कपाटामागे सारलं आणि लेकीला सांगितलं, “वाचनालयवाले घेऊन गेले.” शनिवारी आईबरोबर वाचनालयात गेल्यावर लेकीने ग्रंथपालबाईंनाच विचारलं, “ते पुस्तक पुन्हा मिळेल?” बाईंनी नोंद पाहिली. “अगं, ते तुमच्याच घरी आहे की!” लेकीने आईच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं. “माझ्याकडून हरवलं,” ती हळूच म्हणाली. “एवढी मोठी झालीस, पुस्तक सांभाळता येत नाही?” बाई कडाडल्या. आई पर्सची चेन उगाच लावत राहिली. बाहेर पायऱ्यांवर लेकीने तिचा हात घट्ट धरला. “घाबरू नकोस आई, बाबांना नाही सांगणार.”