पाण्याचा रोलर

तिसरा कागदही काळवंडून बाहेर आला, तसं नागनाथने मशीन बंद केलं. अक्षरं बरी उमटली होती. पण जिथं कागद पांढराशुभ्र राहायचा, तिथं सगळीकडे शाईचा राखाडी लेप! "हेरंबभाऊ, हे काय हो? असली मशीन विकून राह्यले का मले?"

हेरंबच्या तोंडचं पाणी पळालं. नागनाथ खास ट्रायल पाहायला उटनूरहून आला होता, आणि मशीन न्यायला टेम्पो दारात उभा होता. आज सौदा फिसकटला तर आदिलाबादची ही प्रेस पुन्हा गळ्यात, आणि आईला घेऊन हैदराबादला नोकरीच्या जागी राहायला जायचा बेतही बोंबलला.

"काल संध्याकाळी तं झ्याक चालत होती. देवाची शप्पथ!"

हेरंबच्या आई, रमाबाई, कागदांच्या थप्पीशेजारी स्टुलावर बसून पाहत होत्या.

नागनाथ तसा जाणता गडी. ऑफसेटमध्ये प्लेटच्या कोऱ्या जागेवर पाणी बसतं, म्हणून तिथं शाई बसत नाही. पाणी अडलं की शाई मोकाट सुटते. त्याने पाणी वाढवलं. प्लेट स्पंजने पुसून काढली. रोलरखाली कागदाची पट्टी धरून दाब पाहिला, तोही सारखा. शेवटी पाण्याचा रोलरच बाहेर काढला आणि "अरे बापा!" म्हणून किंचाळला. रोलर हातातून निसटता निसटता राहिला.

पाणी धरून ठेवायला त्या रोलरवर कापडाची गवसणी चढवलेली असते. ती तेलाने निथळत होती. वरून हळदीचे पिवळेधमक पट्टे.

"कोनं केलं हे?" हेरंब ओरडलाच.

"मी," रमाबाई म्हणाल्या. "घरून चाल्ली ना आज ते. लेक सासरी धाडतांनी तेल-हळद नाई लावत का?"

आता अशा बाईला काय बोलायचं? नागनाथचा राग कुठल्या कुठे गेला. त्याने रोलर उलटसुलट करून पाहिला आणि हसला. "मशीनचा दोष नाई भाऊ. तेल हाये नुसतं. नवी गवसणी चढवली का झालं. उचलतो मी."

"सुटलो बाबा!" हेरंब मटकन खुर्चीत बसला. "मनावर घेऊ नका नागनाथभाऊ. तिले काय समजते मशीनीतलं."

झालं! रमाबाई ताडकन उठल्या.

"मले समजत नाई? तुझे बाबा आर्डरी आनायले नार्नूर-तामसी फिरत, तवा या मशीनीवर कोन उभं राहे रे? पाण्याच्या रोलरले तेलाचं बोट लागलं का छपाई मेली, हे मले ठाऊक हाये. म्हनून तं लावलं. चांगलं वाटीभर."

हेरंबच्या कानाखाली कुणी वाजवावी तसं झालं. ही आपली आई? सामान बांधताना प्रत्येक गोष्टीला 'बरं' म्हणणारी? तेल-हळदीचं निमित्त करून सरळ सरळ घात केला हिने! नागनाथ तर रोलर धरून नुसता उभा राहिला.

"मंग... मंग विकाले हो काऊन म्हटलंस?"

"तू इचारलं कदी? तू तं सांगितलं."

रमाबाईंनी नागनाथच्या हातातून रोलर काढून घेतला. "तुमाले फुकट तरास झाला भाऊ. चहा घेऊन जा." मग पदर खोचत त्या हेरंबकडे वळल्या.

"अन् तू काय पाहून राह्यला? टेम्पो परत धाड. मले हे धुवायचं हाये. उद्या आर्डरीच्या पत्रिका छापाच्या हायेत."