गाइडातलं उत्तर

‘पुट अप विथ’ म्हणजे सहन करणे. चाचणीत समानार्थी शब्द विचारला, तेव्हा नववीतल्या वेदवतीनं ‘एन्ड्युअर’ लिहिलं. गाइडात ‘टॉलरेट’ होतं, म्हणून मी फुली मारली.

पेपर वाटले त्याच्या दुसऱ्या दिवशी ती वाचनालयातला जाडजूड शब्दकोश छातीशी धरून आली. “बाई, यात दोन्ही शब्द आहेत.”

खरंच होते. पण अख्खा वर्ग माझ्याकडे बघत होता. “शब्दकोशाला मार्क कोण देतं? गाइडात आहे तेच लिहायचं,” मी म्हणाले. ती शब्दकोश मिटून जागेवर जाऊन बसली.

सहामाहीला मी तोच प्रश्न मुद्दाम काढला. या वेळी तिच्या शब्दाला पूर्ण मार्क द्यायचे, वर ‘शाब्बास’ही लिहायचं, असं ठरवलं होतं.

तिनं ‘टॉलरेट’ लिहिलं होतं. मला बरोबरची खूण करावी लागली.