राखीव गोलकीपर

हातमोजे शौकीने उचलले.

टेबलावर सगळं मांडून ठेवलं होतं. हिरवी जर्सी, कपचं पदक, पिवळी पडलेली कात्रणं, संघाचा फोटो. पोर्ट सईदच्या ज्या क्लबसाठी हिल्मी चौदा वर्षं गोलात उभा राहिला, त्या क्लबने आता जुन्या खेळाडूंच्या वस्तूंसाठी काचेचं कपाट केलं होतं. क्लबमधली इनायत त्या न्यायला आली होती. हिल्मीच्या आठवणी तिला त्याच्या तोंडून फोनमध्ये रेकॉर्डही करायच्या होत्या, म्हणून फोन तिने टेबलावर चालू ठेवला होता.

शौकी हा हिल्मीचा धाकटा भाऊ. त्याच संघाचा राखीव गोलकीपर. अकरा वर्षं बाकावर बसला आणि एकही सामना खेळला नाही, कारण हिल्मी कधी आजारी पडला नाही. दुखापती झाल्या, पण त्या त्याने कोणाला सांगितल्या नाहीत. बायको गेल्यावर शौकी हिल्मीकडेच राहायला आला. दोन वर्षांपासून त्याला विसर पडत चालला होता. आधी रस्ते गेले, मग नावं. हल्ली हिल्मी त्याला कधी भाऊ वाटे, कधी खालच्या मजल्यावरचा कोणी. ईद झाल्यापासून तर तो धड चार वाक्यंही बोलला नव्हता.

त्याने मोजे हातात चढवले. वाळलेलं रबर तडकलं आणि त्याचा चुरा टेबलावर पडला.

"शौकी, ठेव ते खाली," हिल्मी म्हणाला.

"माझे आहेत." शौकी इनायतकडे वळला. "ऐक, मुली. अठ्ठ्याऐंशीवं मिनिट. आपला एक गोल पुढे. आणि कैरोवाल्यांना पेनल्टी मिळाली."

इनायतने हिल्मीकडे पाहिलं. ती पेनल्टी कोणी अडवली हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. युद्धात ओस पडलेलं गाव परत वसून तेव्हा चारच वर्षं झाली होती. त्या दिवशी फेरीबोटी तासभर भोंगे वाजवत होत्या, आणि कोळ्यांनी हिल्मीला खांद्यावरून घरी आणलं होतं.

"शौकी," हिल्मी समजुतीने म्हणाला, "त्या दिवशी तू बाकावर होतास. गोलात मी होतो."

शौकीचा चेहरा उतरला. मोजे घातलेले दोन्ही हात त्याने छातीशी धरले, कोणी मोजे हिसकावून घेईल असं वाटल्यासारखे.

"तुम्हीसुद्धा असंच म्हणणार?" त्याचा आवाज कापत होता. "सगळे असंच म्हणतात."

तुम्ही. म्हणजे आज तो भावाशी बोलत नव्हता. हिल्मीला काय करावं कळेना. आयुष्यात त्याच्यावर शेकडो चेंडू आले होते, आणि प्रत्येकासाठी कुठे झेप घ्यायची हे त्याला सुचलं होतं. इथे काहीच सुचत नव्हतं. खरं सांगितलं तर समोरचा माणूस रडणार होता, आणि उद्या तेच खरं पुन्हा सांगावं लागणार होतं.

"चुकलो मी," तो म्हणाला. "तूच होतास."

शौकीचे हात सैल झाले.

"त्याने चेंडू ठेवला आणि डाव्या कोपऱ्याकडे बघितलं. सगळे तिथेच फसायचे. तो बघतो डावीकडे आणि मारतो उजवीकडे. त्याचे सहा सामने मी पाहिले होते. सहाच्या सहा. बसून काय करणार दुसरं?" तो हसला. "गवत ओलं होतं. त्याचा टेकलेला पाय जरासा घसरला, म्हणून चेंडू खालून आला. मी उजवीकडे झेपावलो. बोटांना लागला, मग खांबाला."

हिल्मी ऐकत होता. त्याला त्या क्षणाचं काहीही आठवत नव्हतं. आधी अंधारल्यासारखं झालं, आणि मग अंगावर पडलेले सगळे सोबती, एवढंच. पत्रकार विचारायचे तेव्हा तो सांगायचा, मनानेच कौल दिला. आता त्याला दुसरंच आठवत होतं. त्या सकाळी बसमध्ये शौकी शेजारी बसून बोलतच होता. डावीकडे बघतो, उजवीकडे मारतो, लक्षात ठेव. आणि हिल्मी खिडकीकडे तोंड करून म्हणाला होता, पुरे रे, डोकं उठवू नकोस.

हे त्याने कधी कोणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काही आहे असं त्याला वाटलंच नव्हतं.

इनायत खालच्या आवाजात म्हणाली, "हिल्मीकाका, हे रेकॉर्डिंग पुसून टाकू? तुमचं पुन्हा घेऊ या का?"

"नको," हिल्मी म्हणाला. "हेच राहू दे."

"आणि कपाटातल्या पाटीवर नाव?"

"त्याचं घाल."

शौकीला त्यातलं काही ऐकू गेलं नाही. मोजे काढून मांडीवर ठेवून तो पुदिन्याचा चहा घुटक्याघुटक्याने पीत होता. कितीतरी दिवसांनी त्याच्या चेहऱ्यावर तरतरी आली होती. ग्लास खाली ठेवून तो पाहुण्याची विचारपूस करावी तसा हिल्मीकडे वळला.

"तुम्हीपण खेळायचात का?"

हिल्मीने टेबलावरचा रबराचा चुरा हाताने गोळा केला. "राखीव होतो."

"गोलात?"

"गोलात."

"किती वर्षं?"

"अकरा."

शौकी चुकचुकला. "आणि खेळायचं कोण?"

"माझा थोरला भाऊ."

शौकीने मांडीवरच्या मोज्यांची बोटं सरळ केली. बाहेर कोणीतरी मासळी विकत ओरडत गेलं. मग त्याने विचारलं, रागाने नाही, नुसतंच जाणून घ्यावं म्हणून, "अकरा वर्षांत त्याने एकदाही म्हटलं नाही, की आज तू उतर? साध्या मैत्रीच्या सामन्यातसुद्धा?"

"नाही," हिल्मी म्हणाला. "त्याला ते कधी सुचलंच नाही."