सकाळी आठ वाजता

भाट्याच्या खाडीवर होडी लागली तेव्हा भिकाजीने कोटातून घड्याळ काढून पाहिलं आणि बायकोला म्हणाला, "ही जाव दे. फुडल्या होडीनं जाव."

होडीत मासळीच्या पाट्या घेऊन बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. मालन उजव्या डोळ्यावर ओली चिंधी दाबून वाळूत उभी होती. डावा डोळा मागेच गेला होता. उरलेल्या डोळ्यात होळीपासून घण बसत होते, रात्री तर तिला उलट्याही झाल्या होत्या. असल्या गर्दीत कोणाचं कोपर लागलं म्हणजे? आणि वेळ तर भरपूर होता.

"उशीर नाय ना व्हनार?" मालनने विचारलं. "उन वर आल्यासारकं वाटताय."

"उनावर डाक्टर चालतो काय? आठाला बोलावलान. आजून लय टाइम हाय."

घाटावरचे ते डोळ्यांचे डॉक्टर वर्षातून एकदा, शिमगा आटोपला की रत्नागिरीत येत आणि बाजारामागच्या धर्मशाळेत बसत. काल तिन्हीसांजेला त्यांनी मालनचा डोळा तपासला होता. "काचबिंदू आहे. दाब फार चढलाय," ते म्हणाले होते. "उद्या सकाळी आठ वाजता घेऊन ये. तेवढा कापतो आणि पुढच्या मुक्कामाला निघतो. आठ म्हणजे आठ. दोन दिवस गेले तर मग कोणीही कापून उपयोग नाही."

आठ म्हणजे आठ हे भिकाजीला कोणी शिकवायला नको होतं. मुंबईने त्याला एक खोकला दिला होता आणि एक घड्याळ. गिरणीचा दरवाजा भोंग्यावर मिटतो आणि बाहेर राहिलेल्याचा खाडा पडतो, हे त्याच्या अंगात इतकं मुरलं होतं की सुट्टीवर आला तरी तो गावातल्या लहानथोरांना वेळेवरून टोचत असे. गाव त्याला पाठीमागे 'भोंगा' म्हणायचं. त्याला ते ठाऊक होतं आणि, खरं सांगायचं तर, आवडतही होतं.

दुसरी होडी रिकामी मिळाली. त्याने मालनला हात धरून मधल्या फळीवर बसवलं आणि वारा लागू नये म्हणून आपण तिच्यापुढे बसला. राजिवड्याला उतरल्यावर दगड, पायऱ्या, खड्डे सांगत तो तिला सावकाश चालवत नेऊ लागला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण भर रस्त्यात तिचा हात त्याने कधी धरला नव्हता. धर्मशाळेच्या दाराशी त्याने पुन्हा घड्याळ पाहिलं. आठाला अजून थोडा अवकाश होता. तो मनातल्या मनात खूश झाला.

आत डॉक्टरांचे इथले कंपाउंडर आप्पा सतरंज्या गुंडाळत होते.

"आत्ता आलास?" आप्पा म्हणाले. "डॉक्टर गेले."

भिकाजी हसला. त्याला थट्टा वाटली. "आप्पानू, आट वाजायचं हायत आजून." आणि त्याने घड्याळ पुढे केलं.

आप्पांनी भिंतीकडे बोट दाखवलं. भिंतीवरच्या घड्याळात साडेआठ वाजून गेले होते.

"अर्धा तास थांबले तुझ्यासाठी. हत्यारं उकळून मांडून ठेवली होती. मी दोनदा रस्त्यापर्यंत बघून आलो. शेवटी मोटारवाला ऐकेना." मग भिकाजीच्या घड्याळाकडे नीट पाहून त्यांचा आवाज उतरला. "हे मुंबईला लावलेलं होय? अरे, इकडे सरकारी टाइम. मुंबई चाळीस मिनिटं मागे चालते."

भिकाजीला ते ठाऊक होतं. कुठल्या मुंबईकराला ठाऊक नव्हतं? बोरीबंदरच्या स्टेशनातलं घड्याळ पुढे, गिरणीतलं मागे. पण ती भानगड रेल्वेची, असं तो धरून चालला होता. आणि रत्नागिरीत रेल्वे होती कुठे?

"मोटार कंच्या वाटेनं गेली?"

"तू काय मोटारीमागे धावणार?"

"मंग दुसरं कोन..."

"डोळा कापणारं इथे दुसरं कोणी नाही रे."

"बोटीनं मुंबयला न्हेतो."

"बोट शनिवारची," आप्पा म्हणाले आणि पुन्हा सतरंजीकडे वळले. गुंडाळलेलीच सतरंजी त्यांनी उलगडली, परत गुंडाळली.

आज बुधवार होता. दिसणारी बायको आपण आपल्या हाताने आंधळी केली, हे भिकाजीला तिथेच उभ्या उभ्या कळलं. तो पायरीवर बसला आणि गडीमाणूस असून, बाजारची माणसं येत-जात असताना, हुंदके देऊन रडला.

मालन खांबाला धरून सगळं ऐकत होती. चाचपडत ती त्याच्या शेजारी येऊन बसली. डोळ्यावरची चिंधी तिने काढली, उजेड सोसेना तरी डोळा उघडा ठेवला आणि त्याच्या तोंडाकडे कितीतरी वेळ बघत राहिली.

"फुडल्या शिमग्याला याल तवा," ती म्हणाली, "आंगण्यातनंच हाक मारीत या. दरसालासारकं गुपचूप दारात येऊन हुबं ऱ्हाव नका."