घरातलं घरात

निलेशने फोन टेबलावर असा आपटला, की मिथुनच्या कपातला चहा सांडला.

"वाच," निलेश म्हणाला. "आत्ताचं हाय. साडेबाराचं."

धाटावच्या केमिकल कंपनीत दोघे एकाच शिफ्टला होते. मिथुनने हात पुसून फोन उचलला. पडद्यावर नुसती वेळ आणि तिच्यापुढे शब्द होते.

१२.२२ – वरण घे गो थोडं.
१२.३४ – कुठं गेली होतीस? खरं सांग.
१२.३४ – तोंड वर करून बघू नकोस.
१२.३५ – दार लाव. शेजारी ऐकतील.

"हे पूजावहिनी बोलली?"

"मग कोण? घरात ती आणि सुरभी, दोघीच असतात. बारा मिनिटांपूर्वी वरण घे गो, आणि आता हे! गोड बोलून गळा कापायचा म्हणतात तो असा."

सुरभी म्हणजे निलेशची पाच वर्षांची पोर, त्याचा जीव की प्राण. महिनाभरात तिचं खाणं तुटलं होतं, बोलणं तर त्याहून कमी झालं होतं. मागच्या आठवड्यात अंगणवाडीच्या रोहिणीताईंनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, "कुणी जरा मोठ्यानं बोललं की ही टेबलाखाली शिरते. घरी काय होतंय का हिला?" ते वाक्य निलेशच्या काळजाला लागलं होतं. माझ्या पोरीला कुणी हात लावतंय, आणि मला पत्ता नाही!

नागोठण्याजवळच्या त्याच्या घरात जुन्या कॉम्प्युटरवर त्याने स्वतःचा एआय सहायक बसवला होता आणि तो हॉलमधल्या स्पीकरला जोडला होता. तोही सुरभीसाठीच. 'ए सखी' म्हटलं की स्पीकर गाणी म्हणायचा, गोष्टी सांगायचा. सगळं घरच्या घरी चालायचं, बाहेरच्या कुठल्या कंपनीकडे एक अक्षर जायचं नाही. याची फुशारकी त्याने अख्ख्या कॅन्टीनमध्ये मारली होती.

परवा त्याने गुपचूप एक बदल केला. आता सखी हाक न मारताही ऐकत होती, आणि ऐकलेलं लिहून त्याच्या फोनवर पाठवत होती. आवाज साठवायला कॉम्प्युटरमध्ये जागा नव्हती, म्हणून नुसते शब्द.

"पण यात आवाज कुठं हाय?" मिथुन म्हणाला. "कोण बोललं ते नाय कळत. वहिनीला सरळ विचार ना."

"विचारून कोण खरं सांगतं?"

तरी त्याने घरी फोन लावला. पूजाने पहिल्याच रिंगला उचलला.

"सुरभी जेवली?"

"व्हय."

"काय करते?"

"खेळते."

"दे तिला."

पलीकडे बारीक श्वास ऐकू आला.

"सुरभी, मम्मी ओरडली काय गो तुला?"

"नाय."

"खरं सांग बाळा. घाबरू नको. पप्पा हाय ना!"

फोन कट झाला. पूजा तिच्या शेजारीच उभी असणार, पोर बोलेल कशी?

गेटपाससाठी सुपरवायझरशी भांडण्यात तास गेला, मग त्याने बाईक काढली. रोहा मागे पडलं. खिंडीच्या चढावर खिशातला फोन थरथरला, तशी त्याने गाडी कडेला घेतली.

१.४८ – कुणाशी बोलत होतीस फोनवर?
१.४८ – काय सांगितलंस माझ्याबद्दल?
१.४९ – रडलीस तर बघ.

म्हणजे त्याच्या फोनचीच शिक्षा पोर भोगत होती! इथून एक वाक्य टाइप केलं असतं तर स्पीकर घरात बोलला असता. त्याने लिहिलं, 'पूजा, हात खाली.' मग थांबला आणि पुसून टाकलं. ती सावध झाली असती. त्याला तिला रंगेहाथ धरायचं होतं. एकदा डोळ्यांनी बघितलं की मग तिच्या माहेरच्यांना बोलावून समोरासमोर सोक्षमोक्ष.

उरलेला रस्ता कसा सरला ते त्याला कळलं नाही. एसटीला त्याने वळणावर ओव्हरटेक केलं, तेव्हा ड्रायव्हरने सणसणीत शिवी हासडली. तीही त्याच्या कानात शिरली नाही. देवा, पोरीला काही होऊ देऊ नको, एवढंच तो घोकत होता.

गल्लीच्या तोंडाशीच त्याने गाडी बंद केली आणि चपळाईने अंगणात शिरला. दार लोटलेलं होतं. आतून दबका, रागीट आवाज येत होता.

"आवाज बाहेर गेला नाय पायजे."

निलेशने मूठ आवळली. तेवढ्यात मागच्या दारी भांडं पडलं. त्याने कोपऱ्यावरून डोकावून बघितलं. पूजा मोरीपाशी पाठमोरी बसून भांडी घासत होती.

मग आत कोण?

तो हॉलच्या खिडकीशी आला.

सुरभी एकटीच होती. अंगात निलेशचा कंपनीचा शर्ट, बाह्या जमिनीवर लोळत होत्या. समोर भिंतीला टेकवून बाहुली बसवली होती, तिला पूजाची ओढणी साडीसारखी नेसवली होती. सुरभीने बाही वर सारली, हात उगारला आणि बाहुलीच्या तोंडात अशी लगावली, की ती कोलमडून पडली.

क्षणभर ती तशीच उभी राहिली. मग खाली बसली, बाहुलीला मांडीवर घेतलं, ओढणी नीट केली आणि बाहुलीच्या वतीने, हुबेहूब पूजाच्या मऊ आवाजात, स्वतःचीच समजूत काढायला लागली.

"रडू नको गो बाय. पप्पांनी नाय मारलं. मम्मी आपली पडली."