बाहेरची मेमरी

कैलाश मेमरीच्या पट्टीवरचं स्टिकर नखानं खरवडत होता, तेवढ्यात हर्षा जेवणाचा डबा घेऊन त्याच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात शिरली. त्यानं पट्टी चटकन मुठीत लपवली. बायकोपासून काही लपवणं त्याला आजवर कधी जमलं नव्हतं.

"काय करून राहिले?"

"काई नाई. रुखमा मावशीच्या लॅपटॉपले मेमरी लावून राहिलो."

हर्षाचा चेहरा उतरला. भंगारातल्या पट्टीवरचं नाव खरवडायचं आणि गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायची, हा धंदा तिनं ऐकला होता. आपला नवराही त्याच वाटेला लागला?

आणि फसवायला मिळालं कोण, तर रुखमा मावशी! पवनीच्या बसस्टँडजवळ मावशीचं जुन्या पुस्तकांचं दुकान होतं. कैलाशची सगळी शाळा त्या दुकानावर झाली. कव्हर नसलेली, कोपरे दुमडलेली पुस्तकं मावशी त्याला निम्म्या किमतीत द्यायची. आत मात्र पेन्सिलीची एक रेघ नसायची. आधीच्या पोरानं पुस्तक उघडलंच नसेल, म्हणून कैलाश हसायचा.

लॅपटॉप मावशीची नात रिता वापरायची. घरी बसून नागपूरच्या एका ऑफिसचं काम करायची, त्यावरच दोघींचं घर चालायचं. हल्ली लॅपटॉप मधेच बंद पडायचा. सोमवारपर्यंत दुरुस्त झाला नाही तर दुसरी मुलगी बघू, असं ऑफिसनं सांगितलं होतं. कंपनीची मेमरी मावशीच्या आवाक्याबाहेरची. आणि फुकटचा तर ती कोणाचा चहासुद्धा घेत नसे.

"बाहेरची लाव, जुनी लाव," तिनं कैलाशला बजावलं होतं, "पण पैसे घेजो."

थोड्या वेळानं मावशी आली. "लागली का रे बापा?"

"लागली. बाहेरची आहे, जुनी. पण चालते."

मागचं झाकण अजून उघडंच होतं. मावशीनं वाकून पट्टीवरून अंगठा फिरवला. अंगठ्याला गोंद चिकटला. हर्षानं मान खाली घातली. मावशी कैलाशकडे बघत राहिली.

"चांगली दिसते," एवढंच ती म्हणाली.

झाकण लावून कैलाशनं बटण दाबलं. लॅपटॉप झटक्यात सुरू झाला. मावशीचे डोळे भरून आले.

"पोरीचं काम वाचवलं तू बापा. तुहे उपकार कसे फेडू?"

कैलाशला तिच्याकडे बघवेना. तिनं दिलेले पैसे त्यानं गल्ल्यात टाकले.

ती पायरी उतरली आणि हर्षाचा बांध फुटला. "जिच्या पुस्तकांवर तुमी शिकले, तिलेच भंगार विकलं? लाज नाई वाटली?"

रागानं तिनं जेवणाच्या डब्यावरचा कागद कचऱ्याच्या टोपलीत फेकला आणि थबकली. टोपलीत कंपनीच्या मेमरीचा नवा कोरा खोका पडला होता. सील नुकतंच फोडलेलं. खरवडलेलं स्टिकरही त्याच कंपनीचं.

"हे तं कंपनीचं आहे!"

"बाहेरच्या दोन लावून पायल्या. मशीन घेतच नोती."

"मंग स्टिकर काहून काढलं?"

कैलाशनं जेवणाचा डबा उघडला.

"मावशीबी नव्या पुस्तकाचं कव्हर फाडूनच मले देत होती."