साक्षीला कोण?

शारजात शिवणकाम करणाऱ्या नबिलाने नवरीचा पोशाख पोचवला, तेव्हा लग्नघर सुनं होतं. नवरीचे वडील अमिराती वकील. निवडणुका मागणारं पत्र लिहिल्याबद्दल नऊ वर्षांपासून तुरुंगात होते. धास्तीने पाहुणे फिरकलेच नाहीत, निकाहला एक पुरुष साक्षीदार कमी पडत होता. नबिलाने खाली गाडीत थांबलेल्या आपल्या नवऱ्याला, अजीजला, वर बोलावलं. “येडी झालीस काय? आपला व्हिसा खलास होईल,” दारातच अजीज कुजबुजला. “मग त्या पोरीला तूच तसं सांग.” अजीजने नवरीकडे पाहिलं, चपला काढल्या आणि आत येऊन सही केली. तेवढ्यात तुरुंगातून वडिलांचा फोन आला. “साक्षीला कोण उभं राहिलं?” असे फोन सरकार ऐकतं, म्हणून कुणीच बोलेना. अजीजनेच फोन घेतला आणि गावासकट आपलं पूर्ण नाव सांगितलं. पलीकडे वडील खळखळून हसले. परतताना गाडीत अजीज गुणगुणत होता.